कॉफी मशीनवर नाव कुठं टाकायचं?

विषय : घरगुती कॉफी मशीनचे रूप, रंग, वजन व आवाज, तसेच त्यावर नाव टाकण्यासाठी जागा मिळणेबाबत.

संदर्भ : १) भगवानशेठ यांचे तोंडी आदेश. २) त्यांच्या सूनबाईंचे तोंडी उत्तर (आदेशापेक्षा लांब).

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, किस्से हे फायलींसारखे असतात. संध्याकाळी टेबलावर एक ठेवून घरी जावं, सकाळी बघावं तर तिच्यावर चार चढलेल्या! पंचायत समितीत वरिष्ठ लिपिक होतो तेव्हा ढीग फार वाढला की मी तो पुढच्या टेबलावर सरकवत असे. आता निवृत्त आहे. पुढचं टेबल उरलेलं नाही, म्हणून हा ढीग तुमच्याकडे सरकवतो.

बीडच्या पेठेत भगवानशेठचं भांड्यांचं दुकान आहे. तिथल्या बाकावर संध्याकाळी आम्ही दोघं बसतो. मी, आणि लिंबागणेशकडचे आबा. आबा माजी सरपंच आहेत. 'माजी' हा शब्द त्यांच्यासमोर कोणी काढत नाही. पायरीवर रज्जाकभाई बसतात. त्यांचा धंदा भांड्यांवर नावं टाकण्याचा. हातात किर्रर्र करणारं एक छोटं यंत्र, नाकावर चष्मा, आणि आपल्या अक्षराविषयी इतका अभिमान की गिऱ्हाइकाचं नाव लहान असलं तर त्यांना वाईट वाटतं.

आमच्या भागात लग्नात दिलेल्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव नसेल, तर ते भांडं दिलंच नाही असं धरतात. म्हणून रज्जाकभाईंच्या डोक्यावर शेठनी पाटी लावली आहे : 'नाव टाकलेली वस्तू परत घेतली जाणार नाही.'

या पाटीचा दरारा मोठा. एकदा कडा गावाहून एक गृहस्थ पोतंभर भांडी घेऊन परत आले. सोयरीक मोडली होती आणि सगळ्या भांड्यांवर होणाऱ्या जावयाचं नाव! गृहस्थ अगदी रडवेले झाले होते. शेठनी त्यांना पाणी दिलं, चहा दिला, पोरीची आस्थेनं चौकशी केली आणि मग पाटीकडे बोट दाखवून म्हणाले,

"ह्याच नावाचा दुसरा पोरगा बघा. लई हायेत."

*

शेठच्या मुलाला भांड्यांचा आवाज सहन होत नाही, म्हणून तो एका बँकेत नोकरी करतो. दुकानात रस घेतला तो सुनेनं. अश्विनी मूळची आष्टीकडची, पण लग्नाआधी पुण्यात एका मोठ्या शोरूममध्ये घरगुती यंत्रं विकायची. सासऱ्याला ती आमच्याकडच्या पद्धतीप्रमाणे 'मामा' म्हणते, आणि पुढचं वाक्य पुण्याच्या पद्धतीनं बोलते.

"मामा, आपल्याकडची सगळी पोरं पुण्यात आयटीत आहेत. त्यांच्या लग्नात अजून घागरी कशाला द्यायच्या? मी कॉफी मशीन ठेवते."

दुकानाच्या दर्शनी भागात स्टीलच्या चौकटीचं एक काचेचं कपाट आहे. रस्त्यावरून पहिलं तेच दिसतं. अश्विनीला ते हवं होतं. शेठना तिथं घमेली मांडायची होती. बांधकामं जोरात आहेत, घमेलं रोज खपतं. शेवटी शेठनी आदेश काढला : लग्नसराई संपेपर्यंत कपाट सूनबाईचं. तेवढ्यात कपाट रिकामं झालं तर कायमचं तिचं. एक जरी मशीन उरलं तरी घमेली येणार, आणि सूनबाईंनी घरात लक्ष घालावं.

ती शेवटची ओळ शेठ हळू बोलले. पण बाकावर ऐकू आली.

मशीनं आली. काळीभोर, गुळगुळीत, बटण कुठंच नाही. शेठ चारही बाजूंनी फिरून म्हणाले, "हे चालू कुठून होतंय?"

"हात जवळ नेला की आपोआप दिवा लागतो मामा."

"अन् कुणी हात न्हाई नेला तर?"

"तर नाही लागत."

"मग घमेल्यात अन् ह्यात फरक काय ऱ्हायला?"

*

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे शिरूर कासारकडची एक म्हातारी. मेंढरांवर घर उभं केलेलं, आणि नातू पुण्यात कॉम्प्युटरवर. नातवाच्या लग्नात काहीतरी 'तिकडचं' द्यायचं होतं. अश्विनीनं मशीन पुढं ठेवलं आणि बोलायला सुरुवात केली. कॉफीचा दाब, पाण्याचं तापमान, फेस. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं. मग भांडं घेताना करतात तेच केलं. बोटाची टिचकी मारली!

आमच्याकडे टिचकी मारल्याशिवाय भांडं घेत नाहीत. तांब्या कसा टण्णकन वाजला पाहिजे, आणि नाद विरेपर्यंत ऐकायचं असतं. मशीन म्हणालं, 'ठप्'.

म्हातारीनं कान जवळ नेऊन पुन्हा मारली. पुन्हा 'ठप्'.

"फुटलंय बाई हे."

"आजी, फुटलं नाही. ते प्लॅस्टिकचं आहे."

"मग तर इचारायलाच नको," म्हातारी म्हणाली आणि पितळी घागर घेऊन गेली. जाताना घागरीला रस्त्यात सुद्धा एक टिचकी मारली. नाद दुकानापर्यंत आला. शेठ सुनेकडे बघून हसले नाहीत. पण न हसायला त्यांना फार कष्ट पडले.

*

आबांच्या पोरीचं लग्न निघालं. नवरदेव अर्थातच पुण्यात. आबा कॉफी पीत नाहीत, पण मशीन हवं म्हणाले. "सगळ्यात मोठं दाव पोरी. आपल्या रुखवताला गर्दी व्हाया पायजे."

बरोबर आबांच्या घरच्या काकूही आल्या होत्या. त्यांनी मशीन बघितलं आणि पदर तोंडाला लावला.

"हे काय काळंठिक्कर? रुखवतात मांडायचं हे?"

अश्विनी म्हणाली, "काकू, मंगळसूत्राचे मणी पण काळेच असतात."

"त्याच्यात सोनं असतंय. ह्याच्यात कुठंय?"

"काकू, हा साधा काळा नाही. कंपनी ह्या रंगाला मिडनाइट म्हणते."

पायरीवरून रज्जाकभाईंनी मदत केली. "म्हंजे मध्यरात्र."

काकू उठल्याच. "मुहूर्त सकाळचा हाय!"

अश्विनीनं पांढरी मशीनं मागवली. ती बघून काकू म्हणाल्या, दवाखान्यात रक्त तपासतात तसलं दिसतंय. मग लाल आलं. ते आबांना आवडलं, पण तो रंग विरोधी पार्टीच्या झेंड्यात होता. शेवटी स्टीलच्या तोंडाचं, सोनेरी मुठीचं एक मॉडेल निघालं. काकूंनी टिचकी मारली. 'टण्!'

"हे द्या," काकू म्हणाल्या. किंमत त्यांनी नंतर विचारली. पुण्याच्या शोरूममध्ये हे मॉडेल कोणी घेत नसे म्हणे, जुन्या वळणाचं दिसतं म्हणून.

*

दुकानात तांबं-पितळ वजनावर विकतात, त्यामुळे दारातच मोठा काटा आहे. काटा दिसला की आमच्या माणसाचा हात शिवशिवतो.

एका बागायतदारानं दोन मशीनं पसंत केली आणि विचारलं, "काय किलो?"

"काका, हे नगावर असतं," अश्विनी म्हणाली.

तोवर त्यानं दोन्ही मशीनं काट्यावर चढवून उतरवलीसुद्धा! जे जड भरलं ते स्वस्त होतं आणि जे हलकं भरलं ते महाग.

"जास्त पैशात कमी माल? हा कुठला हिशोब?"

"काका, महाग आहे त्यात जास्तीचे पैसे डिझाइनचे आहेत."

बागायतदारानं क्षणभर विचार केला. माणूस व्यवहारी होता.

"मग असं करा, डिझाइन काढून घ्या. नुसतं मशीन द्या!"

*

आता आवाजाचं. महागड्या मॉडेलची सगळी जाहिरात एकाच गोष्टीवर होती, ती म्हणजे आवाज येत नाही. अश्विनीनं संध्याकाळी बाकासमोर डेमो ठेवला. आबा पुढं सरसावून बसले. समोर कप ठेवला होता. आबा वाट बघत राहिले.

"चालू कर की पोरी."

"झाली कॉफी आबा. घ्या."

"कवा झाली?"

"आत्ताच."

आबांनी कपात डोकावून बघितलं. कॉफी होती. त्यांना ती संशयास्पद वाटली. आवाज न करता झालेली कामं त्यांनी राजकारणात बरीच बघितली आहेत.

"मला कावून ऐकू आलं न्हाई?"

"तेच तर वैशिष्ट्य आहे. शेजाऱ्यांना त्रास होत नाही."

"अगं पण शेजाऱ्याला कळलंच न्हाई, तर मशीन घेऊन उपेग काय?"

अश्विनी हुशार पोरगी. दुसऱ्या दिवशी तिनं कंपनीच्या गोदामातून एक जुनं, घरघरणारं मॉडेल मागवलं, दुकानाच्या दारात लावलं आणि वर कार्ड चिकटवलं : 'आवाज – चार घरं ऐकू जाईल असा.'

त्या आठवड्यात ते मॉडेल संपलं, पुन्हा मागवावं लागलं! शेठनी फक्त घमेल्यांची ऑर्डर द्यायची ती थोडी थांबवली.

*

खप ऐकून कंपनीचे साहेब पुण्याहून आले. कोरीव दाढी, बारीक चष्मा, आणि कपडे मशीनच्याच रंगाचे. त्यांनी कपाट बघितलं. घरघरतं मॉडेल मधोमध आणि मिडनाइट कोपऱ्यात! साहेबांचा चेहरा पडला.

"हे आमचं सर्वोत्तम डिझाइन आहे," मिडनाइटवर हात ठेवून ते म्हणाले. हात जवळ गेल्याबरोबर दिवा लागला, तेवढंच त्यांना बरं वाटलं. "उत्तम डिझाइनचं लक्षण काय? वस्तू घरात असते, पण जाणवत नाही."

शेठ म्हणाले, "आमच्याकडं होता एक नोकर तसा."

"मग?"

"काढला."

साहेबांनी हसून विषय बदलला आणि कंपनीचं नाव दाखवलं. मशीनच्या तोंडावर, मधोमध, अगदी बारीक अक्षरात. "बघा, आम्ही नाव मोठं करत नाही. ज्याला कळायचं त्याला कळतं."

रज्जाकभाई इतका वेळ ऐकत होते. त्यांनी आपलं यंत्र खाली ठेवलं.

"साहेब, इतकं बारीक नाव आमच्याकडं कोण टाकतं माहिताय? ज्यानं चमचा दिलाय तो!"

*

साहेब गेले आणि चार दिवसांत त्याच बारीक नावानं घोटाळा केला.

एका चुलत्यानं पुतणीसाठी स्टीलच्या तोंडाचं मशीन घेतलं आणि रज्जाकभाईंपुढं ठेवलं. "नाव टाका. चुलता, चुलती, दोन्ही आत्या."

रज्जाकभाईंनी मशीन फिरवून फिरवून बघितलं. मागं जाळी, बाजूला पाण्याची टाकी, वर झाकण. नावासाठी जागा एकच, समोर. आणि समोर मधोमध कंपनी बसलेली! घागरीला कशी चारही अंगांनी मोकळी छाती असते. रज्जाकभाईंनी मग कंपनीला न दुखवता वरून सुरुवात केली. नवरीचं नाव, खाली चुलता-चुलती, मग ओळीत कंपनी आली ती तशीच राहू दिली, तिच्याखाली दोन्ही आत्या, आणि शेवटी 'यांजकडून सप्रेम भेट'.

लग्नाला आम्ही सगळे गेलो होतो. रुखवतापाशी बायकांची गर्दी. एकीनं सगळी नावं मोठ्यानं वाचली आणि मध्येच अडखळली.

"ही कोण गं? आत्यांच्या आधी हिचं नाव!"

"असंल चुलतीच्या माहेरची कुणी."

"मग आत्यांच्या वर कावून?"

धाकटी आत्या तेवढ्यावरून रुसली. जेवली नाही. चुलता तिला सांगतोय, अगं ती कंपनी हाय! आत्या म्हणते, "तुझी कंपनी मला चांगली माहिताय!" तिला समजावायला शेवटी अश्विनीला मांडवातून बोलावून न्यावं लागलं.

*

एवढ्यावर भागलं असतं तर हा अर्ज करण्याची वेळ आली नसती. ते मशीन महिन्याभरात बंद पडलं. चुलता ते कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला घेऊन गेला. तिथं उत्तर मिळालं, बाहेरच्या भागावर कोरलेलं आहे, वॉरंटी लागू नाही. चुलता दुकानात आला. दुकानात पाटी.

एकाच नावामुळे कंपनी घेईना आणि त्याच नावामुळे शेठ घेईनात! चुलता मशीन काखेत घेऊन पायरीवर उभा. रज्जाकभाईंनी मान खाली घातली.

अश्विनी उठली, कपाटातून नवीन मशीन काढलं आणि चुलत्याच्या हातात दिलं. शेठ लाल झाले.

"पाटी दिसत न्हाई का सूनबाई?"

"दिसते मामा. मी परत कुठं घेतलं? नवीन दिलं. तुमच्याकडून घेतलेल्या वस्तूसाठी माणूस पायरीवर उभा राहिला, तर दुकानाचं नाव काय राहील?"

शेठ गल्ल्यावर जाऊन बसले. दुपारी त्यांनी घमेल्यांची ऑर्डर दिली.

वॉरंटीच्या घोळावर अश्विनीनं तोड काढली. स्टीलच्या छोट्या पट्ट्या कापून आणल्या, रज्जाकभाईंनी त्यांच्यावर नावं टाकायची आणि ती पट्टी मशीनच्या तोंडावर चिकटवायची. बरोबर कंपनीच्या नावावर! वॉरंटी शाबूत, आत्या खूश. रज्जाकभाईंना तर सलग सपाट पट्टी मिळाल्यावर इतका आनंद झाला की ते न सांगता नक्षी काढून देऊ लागले. लोक मशीन बघायचे सोडून पट्टी बघायला येत. "ते नावाचं मशीन द्या," असं म्हणत.

मग तिनं मला गाठलं. "काका, कंपनीनंच अशी पट्टी लावून दिली तर? तुम्ही अर्ज लिहा. तुमच्यासारखं कोणाला जमणार नाही."

इतक्या वर्षांत हे मला कार्यालयात कोणी म्हणालं नव्हतं. मी मन लावून लिहिला.

'...तरी विनंती की, आपल्या मशीनच्या दर्शनी भागावरील आपले नाव काढून ती जागा देणाऱ्याच्या नावासाठी मोकळी ठेवण्यात यावी. आपले नाव तळाशी टाकण्यास आमची हरकत नाही. तसेच मशीनला टिचकी मारली असता योग्य तो नाद यावा, ही नम्र विनंती.'

अश्विनीनं तो मोबाईलवरून पाठवला. बोट उचलायच्या आत उत्तर आलं! आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे, आपला अर्ज क्रमांक अमुक अमुक, त्यावर विचार सुरू आहे. मी थक्क झालो. आमच्या कार्यालयात हेच उत्तर तयार व्हायला किती टेबलं लागायची!

*

लग्नसराई संपली. शेवटच्या तिथीचा मांडव उतरला, त्या संध्याकाळी कपाटात एकच मशीन उरलं होतं. मिडनाइट. अश्विनीनं त्याची किंमत उतरवली होती, आबांनी ते घेतो म्हणून खिशात हात घातला होता, पण ती म्हणाली, "आबा, दया म्हणून नको. मग मामांना काय, मलाच पटणार नाही."

दुसऱ्या दिवशी घमेली आली. हातगाडी दुकानासमोर उभी राहिली. शेठ गल्ल्यावरून उठले. शब्दाचे पक्के. एक जरी उरलं तरी, असं म्हणाले होते, आणि एक उरलं होतं. बाकावर आम्ही दोघं रस्त्याकडे बघत बसलो.

अश्विनीनं कपाटाकडे पाठ केली नव्हती. ती फडकं घेऊन काच पुसत होती, जशी रोज पुसते.

शेठ कपाटापाशी गेले आणि दार उघडायला हात चौकटीवर ठेवला. तो तिथंच थांबला. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. स्टीलच्या चौकटीवर, वरच्या पट्टीत, वेलबुट्टी काढून नाव टाकलेलं होतं :

'चि. सौ. अश्विनी हिस, सासरे भगवानशेठ यांजकडून सप्रेम भेट.'

शेठनी रज्जाकभाईंकडे बघितलं. रज्जाकभाई एका तपेल्याच्या आत बघत होते. शेठनी सुनेकडे बघितलं. ती काच पुसत होती. मग त्यांनी वर पाटीकडे बघितलं.

आबांना राहवलं नाही. "शेठ, वाचून दाखवू का पाटी?"

"मला येतंय वाचाया, बस की गप!"

हातगाडीवाला ओरडला, "शेठ, घमेली कुठं उतरू?"

"माडीवर."

शेठ परत गल्ल्याकडे निघाले. पायरीशी थांबले, वाकून रज्जाकभाईंना म्हणाले,

"अक्षर लई बारीक काढलंस. रस्त्यावरनं दिसाया पायजे."

कंपनीकडे केलेला अर्ज अद्याप प्रलंबित आहे.